निधी खड्ड्यांत, जंगल मुळांत

२९ ऑगस्ट २०१९ रोजी नवी दिल्लीत राज्यांच्या वनमंत्र्यांची बैठक झाली. तीत तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी २७ राज्यांना मिळून ४७ हजार ४३६ कोटी रुपये हस्तांतरित केले. ओडिशाच्या वाट्याला सर्वाधिक, म्हणजे ५ हजार ९०० कोटींहून अधिक रक्कम आली. महाराष्ट्राला ३ हजार ८०० कोटींच्या वर मिळाले. ही रक्कम म्हणजे सरकारने वनांवर केलेला उपकार नव्हता. खाणी, धरणे, महामार्ग आणि वीजवाहिन्या यांच्यासाठी जी जंगले तोडली गेली, त्यांची ती भरपाई होती. तेव्हा तिचा हिशेब एकाच प्रश्नाने व्हायला हवा होता: या पैशातून किती जंगल परत आले? सरकारी कागदपत्रांत या प्रश्नाखेरीज बाकी सर्व प्रश्नांची उत्तरे सापडतात. किती खड्डे खणले, किती रोपे लावली, मंजूर निधीपैकी किती टक्के खर्ची पडला, हे सारे तक्त्यांत असते. जंगल मात्र त्या तक्त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

या निधीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९८० च्या वन (संवर्धन) कायद्यानुसार वनजमीन अन्य कामासाठी वळवायची झाल्यास केंद्राची पूर्वमंजुरी लागते आणि त्या मंजुरीची एक अट पर्यायी वनीकरणाची असते. १९९५ मध्ये दाखल झालेल्या गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्याने देशाच्या वनकारभाराला वेगळे वळण दिले. या उद्देशाने गोळा होणारा पैसा राज्यांकडून नीट खर्च होत नाही, हे त्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आले. २००२ मध्ये न्यायालयाने स्वतंत्र निधीचा आदेश दिला. २००६ मध्ये तदर्थ प्राधिकरण, म्हणजे ज्याला सारे 'कॅम्पा' म्हणतात ते, कार्यरत झाले. २००९ पासून राज्यांना मर्यादित रकमा मिळू लागल्या, २०१६ मध्ये संसदेने कायदा केला आणि २०१८ मध्ये त्याचे नियम आले. वनजमीन घेणाऱ्याकडून लागवडीच्या खर्चाखेरीज जंगलाचे 'निव्वळ वर्तमान मूल्य'ही वसूल केले जाते. २००८ मध्ये ते जंगलाच्या प्रतीनुसार हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये होते. २०२२ मध्ये ते साधारण दीडपट करण्यात आले. म्हणजे उत्तम प्रतीचे एक हेक्टर जंगल नाहीसे होण्याची किंमत शासनानेच आता सुमारे १६ लाख रुपयांपर्यंत ठरवली आहे. ते परत आणण्याच्या खर्चाची फलश्रुती मात्र शासनाने अद्याप ठरवलेली नाही.

लेखापरीक्षणाने हे वेळोवेळी दाखवून दिले आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, अर्थात 'कॅग'च्या, २०१३ च्या अहवालाने २००६ ते २०१२ या काळाची तपासणी केली. वळवलेल्या जंगलाच्या बदल्यात १ लाख ३ हजार हेक्टरांहून अधिक वनेतर जमीन मिळायला हवी होती. प्रत्यक्षात मिळाली सुमारे २८ हजार हेक्टर, म्हणजे २७ टक्के. मिळायला हव्या असलेल्या जमिनीपैकी प्रत्यक्ष वनीकरण झाले ते जेमतेम ७ टक्के क्षेत्रावर. त्यानंतर कायदा आला, निधी आला आणि खर्चाचा वेगही वाढला. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत राज्यांनी पर्यायी वनीकरणाचे सुमारे ८५ टक्के क्षेत्रीय उद्दिष्ट गाठल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीसमोर आले. वरवर पाहता ही प्रगती समाधानकारक वाटेल. परंतु हे ८५ टक्के लागवडीखाली आलेल्या क्षेत्राचे आहेत. त्या क्षेत्रावर पाच वर्षांनंतर काय उभे आहे, हा निराळाच प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचे एक उत्तर उत्तराखंडातून आले. तेथील कॅम्पा निधीसंबंधीचा 'कॅग'चा अहवाल फेब्रुवारी २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला. वनीकरणाच्या पैशातून आयफोन, लॅपटॉप आणि शीतकपाटे घेतली गेल्याचा तपशील त्यात होता आणि स्वाभाविकपणे तोच गाजला. त्याच अहवालातील दुसरी नोंद मात्र अधिक गंभीर होती. २०१७ ते २०२२ या काळात लावलेल्या रोपांपैकी जगली ती सुमारे एकतृतीयांश; अपेक्षा किमान ६० ते ६५ टक्क्यांची होती. आयफोनवर गेलेला पैसा हा गैरव्यवहार आहे आणि तो वसूल करता येतो. मेलेल्या रोपांवर गेलेला पैसा नियमांना धरून खर्च झालेला असतो. म्हणून तो कोणाकडून वसूल होत नाही आणि कोणाला खटकतही नाही. साधे गणित मांडून पाहावे. शंभर रुपये खर्चून लावलेल्या तीन रोपांपैकी एकच जगत असेल, तर जगलेले रोप तीनशे रुपयांना पडते. आपल्या अंदाजपत्रकांत मात्र त्याची किंमत शंभरच धरलेली असते.

हा दोष एका राज्याच्या ढिलाईचा असता, तर तो सुधारता आला असता. परंतु हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात झालेला एक अभ्यास अधिक अस्वस्थ करणारा आहे. शासनाच्या वृक्षलागवडीचा अनेक दशकांचा मागोवा घेणारा हा अभ्यास 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लागवडीमुळे वृक्षाच्छादनात फारशी वाढ झालेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. शिवाय गावकऱ्यांना चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी उपयोगी पडणाऱ्या रुंद पानांच्या जातींचे प्रमाण घटले होते. हिमाचल हे सुप्रशासनाबद्दल नावाजलेले राज्य आहे आणि तेथील वनखाते अनुभवी आहे. तरीही असे घडत असेल, तर दोष अंमलबजावणीत शोधत बसण्याऐवजी मूळ कल्पनेकडे पाहिले पाहिजे.

ती मूळ कल्पना अशी की जंगल नसणे म्हणजे झाडे नसणे, आणि झाडे नसतील तर ती लावली पाहिजेत. मध्य भारतातील, सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील किंवा छोटा नागपूरच्या पठारावरील उजाड दिसणाऱ्या वनजमिनीवर फिरलेला कोणताही वनरक्षक सांगेल की त्या जमिनीखाली बहुधा जंगल जिवंत असते. साल, साग, पळस, धावडा, तेंदू यांचे खुंट आणि मुळे वर्षानुवर्षे तग धरून असतात. दर पावसाळ्यात त्यांना फुटवे येतात. ते फुटवे शेळ्या खातात, सरपणासाठी तोडले जातात किंवा उन्हाळ्यात वणव्यात जळतात, आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. अशा जमिनीला नव्या रोपाची गरज नसते. गरज असते ती राखणीची. वेड्यावाकड्या खुंटांची छाटणी, एका बुंध्यावर दाटलेल्या फुटव्यांची विरळणी, जाळरेषा, आळीपाळीने चराईबंदी आणि पाच-सात वर्षे टिकणारी पाळत एवढे केले की जंगल आपणहून वर येते. वनशास्त्रात याला साहाय्यित नैसर्गिक पुनरुत्पादन म्हणतात. रोपवाटिका, पिशव्या, वाहतूक, खड्डे, पाणी आणि नांग्या भरणे हा लागवडीतील खर्चाचा मोठा भाग येथे वाचतो. आणि जे रोप जन्मतःच त्या मातीचे आहे, त्याची मुळे आधीच खोल गेलेली असतात.

याचा दाखला आपल्याच देशात पन्नास वर्षांपूर्वी मिळाला आहे. पश्चिम बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यात अराबारी येथे १९७१-७२ च्या सुमारास अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्याने १ हजार २७२ हेक्टर ऱ्हास पावलेल्या साल जंगलासाठी ११ गावांतील ६१८ कुटुंबांशी समझोता केला. गावकऱ्यांनी राखण करायची, त्या बदल्यात खात्याने त्यांना काम द्यायचे आणि पुढे जंगलाच्या उत्पन्नात चौथा हिस्सा द्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. काही भागात लागवडही झाली; पण सालाचे जंगल उभे राहिले ते मुख्यतः जुन्या खुंटांच्या फुटव्यांतून. त्या अनुभवाच्या आधारे केंद्राने १ जून १९९० रोजी संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले. अराबारीची ही किमया कोणत्याही नव्या तंत्राची नव्हती. दुसऱ्या दिवशीही आपल्यालाच हे जंगल वापरायचे आहे, असा विश्वास गावाला मिळाला, इतकेच घडले होते. महाराष्ट्रातील वाचकांना हे नवे वाटू नये. हिवरे बाजारच्या कुऱ्हाडबंदीमागे आणि चराईबंदीमागे हाच विचार होता.

यावर कोणी म्हणेल की एका अराबारीवरून देशाचे धोरण ठरत नाही. आक्षेप योग्य आहे आणि म्हणून व्यापक अभ्यासांकडे वळले पाहिजे. २०१७ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात उष्ण कटिबंधातील जंगलांविषयीचे १३३ अभ्यास एकत्र तपासले गेले. जैवविविधता आणि जंगलाची रचना या दोन्ही कसोट्यांवर नैसर्गिक पुनरुत्पादन लागवडीपेक्षा सरस ठरले. पुढे त्यावर टीकाही झाली. जेथे जंगल आपणहून वाढण्याची शक्यता आधीच चांगली असते, तीच ठिकाणे नैसर्गिक पुनरुत्पादनाच्या अभ्यासासाठी निवडली जातात, म्हणून ही तुलना सर्वस्वी समतोल नाही, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. ते रास्त आहे. २०२४ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मधील एका अभ्यासाने कार्बन शोषणाच्या खर्चाचाच प्रश्न हाती घेतला. वनरोपणास योग्य असलेल्या क्षेत्रापैकी सुमारे ४६ टक्के जागी नैसर्गिक पुनरुत्पादन स्वस्त पडते आणि ५४ टक्के जागी लागवड, असा त्याचा निष्कर्ष होता. जेथे जे स्वस्त तेथे ते वापरले, तर केवळ लागवड करण्यापेक्षा ३९ टक्के अधिक आणि केवळ निसर्गावर सोडण्यापेक्षा ४४ टक्के अधिक कार्बन त्याच खर्चात शोषला जातो.

प्रशासकाच्या दृष्टीने या निष्कर्षाचा अर्थ महत्त्वाचा आहे. लागवड वाईट आणि निसर्ग चांगला, असा सरसकट निवाडा येथे नाही. जागा पाहून उपाय ठरवावा, एवढेच हे आकडे सांगतात. आपल्या व्यवस्थेत नेमके तेवढेच होत नाही. पर्यायी वनीकरणाच्या मार्गदर्शक सूचना हेक्टरी एक हजार रोपे मागतात आणि त्या जागी तेवढी मावत नसतील, तर उरलेली दुसरीकडे लावण्यास सांगतात. जागेची गरज काय आहे हे पाहण्याआधीच आकडा ठरलेला असतो.

जागा पाहून उपाय ठरवणे म्हणजे काय, याची देशांतर्गत उदाहरणे पुरेशी आहेत. तमिळनाडूतील वालपराई येथे चहाच्या मळ्यांमध्ये अडकलेले सदाहरित जंगलाचे तुकडे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक गेली दोन दशके सावरत आहेत. तेथे नुसते सोडून दिलेल्या तुकड्यांपेक्षा, तण काढून स्थानिक जातींची मिश्र लागवड केलेले तुकडे अधिक चांगले सुधारले, हे त्यांनी २०१९ मध्ये मोजमापांसह दाखवले. याचे कारण उघड आहे. तेथे उपऱ्या तणांनी जमीन व्यापली होती आणि मूळचे जंगल स्वबळावर त्यांच्यातून वर येऊ शकत नव्हते. राजधानीत राहणाऱ्यांना तर इतके दूर जाण्याचीही गरज नाही. दिल्लीच्या रिजवर ब्रिटिश राजवटीत आणलेली विलायती कीकर आजही ठाण मांडून आहे. तिला नुसते कुंपण घातले, तर अधिक दाट विलायती कीकरच मिळेल. म्हणूनच प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली वसंत विहारजवळ झालेल्या अरवली जैवविविधता उद्यानात आणि गुरुग्रामच्या त्याच नावाच्या उद्यानात स्थानिक जाती मुद्दाम आणाव्या लागल्या. गुरुग्रामची जागा तर जुन्या दगडखाणींची होती. २०२२ मध्ये तिला संरक्षित क्षेत्राबाहेरील संवर्धनस्थळ म्हणून देशात पहिली मान्यता मिळाली. अशा ठिकाणी हेक्टरी खर्च जास्त येतो आणि तो योग्यही आहे.

तिसरा प्रकार आणखी वेगळा आहे. काही जागी झाडे लावणे हेच नुकसान असते. दख्खनची माळराने हे ऱ्हास पावलेले जंगल नव्हे. ते गवताचे, लांडग्याचे, तणमोराचे आणि धनगरांच्या मेंढ्यांचे स्वतंत्र जग आहे. त्यावर गिरिपुष्प लावून हेक्टरांचे उद्दिष्ट पूर्ण होते, पण चारा जातो आणि वनही येत नाही. यात सार्वजनिक पैशाने दुहेरी तोटा विकत घेतला जातो.

मग प्रश्न असा की इतके सारे ठाऊक असताना निधी रोपांकडेच का वाहतो? याचे उत्तर वनशास्त्रात सापडणार नाही. ते राजकारणात आणि लेखाशास्त्रात शोधावे लागेल.

राजकारणाचा भाग सर्वांना परिचित आहे. ११ जुलै २०१६ रोजी उत्तर प्रदेशात अखिलेश यादव यांच्या सरकारने एका दिवसात सुमारे पाच कोटी रोपे लावण्याचा विक्रम केला. २ जुलै २०१७ रोजी मध्य प्रदेशात शिवराजसिंह चौहान यांच्या सरकारने नर्मदेच्या खोऱ्यात सहा कोटींहून अधिक रोपे लावून तो मागे टाकला. तेलंगणात चंद्रशेखर राव यांनी २०१५ मध्ये 'हरित हारम्' सुरू केले, त्याचे उद्दिष्ट २३० कोटी रोपांचे होते. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दोन कोटींपासून सुरू झालेली मोहीम २०१९ मध्ये ३३ कोटींच्या उद्दिष्टापर्यंत पोहोचली. सरकार बदलल्यावर २०२१ मध्ये तिच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. ५ जून २०२४ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीच्या बुद्ध जयंती उद्यानात 'एक पेड माँ के नाम' या मोहिमेचा आरंभ केला. पक्ष कोणताही असो, रोप हे लोकशाहीतील अत्यंत सोयीचे प्रतीक आहे. ते हातात धरता येते, त्याच्यासोबत छायाचित्र निघते आणि त्याला विरोध करणे कोणालाही परवडत नाही. न चरलेल्या कुरणाचे आणि न लागलेल्या वणव्याचे छायाचित्र मात्र निघत नाही.

लेखाशास्त्राचा भाग कमी परिचित आहे, पण परिणामाने मोठा आहे. या पानाचे अनेक वाचक शासकीय सेवेत आहेत. त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कॅम्पाचा खर्च वार्षिक कार्ययोजनेने मंजूर होतो. पैसा उशिरा हाती येतो, पाऊस जूनमध्ये येतो आणि आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते. खड्डे खणणे हे या चौकटीत बसणारे काम आहे; त्याचे मोजमाप होते, देयक निघते, उपयोगिता प्रमाणपत्र तयार होते. सात वर्षे राखण करणे हे त्या चौकटीत न बसणारे काम आहे. निधी खर्च झाला नाही तर अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. जंगल उगवले नाही तर तोवर त्या अधिकाऱ्याची दोनदा बदली झालेली असते. अशा स्थितीत त्याने रोपे निवडली, तर दोष त्याच्या वृत्तीला देता येणार नाही. व्यवस्थाच त्याला तसे करायला भाग पाडते.

यातील विसंगती अशी की कॅम्पा निधीला या अडचणीतून सुटण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. हा निधी व्याज मिळवणारा आहे आणि वर्षअखेरीस व्यपगत होत नाही. इतर खात्यांना ज्या सोयीसाठी अर्थ मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, ती येथे हाताशी आहे. दहा वर्षांचा करार करून टप्प्याटप्प्याने पैसे देण्यासाठी याहून योग्य निधी देशात सापडणे कठीण. तरीही तो वार्षिक अंदाजपत्रकासारखाच खर्च केला जातो.

मोजमापाचा दोष आणखी वरपर्यंत जातो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर दहा टक्के छत्र असेल, तर ते वनाच्छादन. मग ती झाडे कोणत्याही जातीची आणि जमीन कोणाच्याही मालकीची असो. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२३ च्या अहवालानुसार देशाचे वन व वृक्षाच्छादन ८ लाख २७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे २५.१७ टक्के आहे आणि २०२१ च्या तुलनेत ते १ हजार ४४५ चौरस किलोमीटरने वाढले आहे. यांपैकी निखळ वनाच्छादनातील वाढ अवघी १५६ चौरस किलोमीटर होती. बाकी सारी वाढ वनाबाहेरील झाडांची. निलगिरीचे वन आणि सालाचे रान या मोजणीत सारखेच भरतात. म्हणूनच ग्रेट निकोबारमधील सुमारे १३० चौरस किलोमीटर सदाहरित जंगल वळवण्याला २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी देताना त्याची भरपाई हरियाणात करण्याचे ठरू शकले. कागदावर हेक्टराला हेक्टर जुळले, इतकेच.

अलीकडे काही बदल योग्य दिशेने झाले आहेत, त्यांची नोंद घेतली पाहिजे. हरित श्रेय योजनेच्या २०२४ च्या पद्धतीत दर हेक्टरी किमान अकराशे झाडांच्या हिशेबाने लागवड करून दोन वर्षांनी प्रत्येक झाडामागे एक श्रेय मिळत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये ती पद्धत बदलली. आता पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि छत्राची घनता किमान ४० टक्के असावी लागते. लागवडीकडून परिणामाकडे जाणारे हे पाऊल आहे. अर्थात कोरड्या प्रदेशातील विरळ पानगळी जंगलाला ४० टक्क्यांची अट अन्यायकारक ठरू शकते. पण तो पुढचा वाद झाला. वित्त आयोगांनीही हा मार्ग आधीच दाखवला आहे. चौदाव्या आयोगाने राज्यांच्या हिश्शात वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला. पंधराव्याने तो १० टक्के करताना दाट जंगलच मोजले. उभ्या जंगलासाठी पैसे देण्याचे तत्त्व संघराज्याच्या तिजोरीला मान्य आहे. ते वनखात्याच्या कार्ययोजनेत उतरलेले नाही.

राखणीचा उल्लेख झाला की आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नैसर्गिक पुनरुत्पादन स्वस्त असते ते शासनाला. चराई बंद झालेल्या मेंढपाळाला आणि सरपण बंद झालेल्या बाईला ते स्वस्त नसते. त्यांचा तोटा हिशेबात न धरता 'किफायतशीर' हा शब्द वापरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१६ चे विधेयक राज्यसभेत आले, तेव्हा जयराम रमेश यांनी ग्रामसभेच्या संमतीचा आग्रह धरला होता. तत्कालीन पर्यावरणमंत्री अनिल माधव दवे यांनी नियमांमध्ये तरतूद करण्याचे आश्वासन दिले आणि विधेयक संमत झाले. २०१८ च्या नियमांत शब्द आला तो संमतीऐवजी विचारविनिमयाचा, आणि तोही ग्रामसभेशी किंवा वनव्यवस्थापन समितीशी. त्याचे परिणाम दिसले. ओडिशा, झारखंड, छत्तीसगडमधील गावांनी आपल्या सामूहिक जमिनींवर परस्पर झालेल्या लागवडींविरुद्ध तक्रारी केल्या. ज्या लागवडीशी गावाचे वैर असते, तिचा राखणदार कोण होणार?

याउलट गडचिरोलीतील मेंढा-लेखाचे उदाहरण आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १ हजार ८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे अधिकार ग्रामसभेकडे आले. ज्या जंगलातून गावाला हक्काचे उत्पन्न आहे, त्याची राखण हा गावाचा स्वतःचा व्यवहार होतो. अराबारीत जो चौथा हिस्सा खात्याच्या मर्जीने मिळाला, तो येथे कायद्याने मिळाला. सार्वजनिक निधीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की हक्क देणे हा राखणीवरील खर्च कमी करण्याचाही मार्ग आहे.

तेव्हा सुधारणा कोणत्या कराव्यात? पहिली, खर्च मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक जागेचे वर्गीकरण सक्तीचे करावे. जिवंत मुळे आहेत तेथे राखण, तणांनी किंवा खाणींनी मोडलेल्या जागी स्थानिक जातींची लागवड, आणि मुळातच माळरान आहे तेथे झाडे नकोत. हेक्टरी एक हजार रोपांची अट या वर्गीकरणापुढे गौण मानावी. दुसरी, देयक रोपांवर न देता उभ्या हेक्टरावर द्यावे. काही रक्कम आरंभी, काही पाचव्या वर्षी, उरलेली दहाव्या वर्षी, असे टप्पे करून अखेरचा हप्ता त्रयस्थ मोजणीनंतरच सोडावा. तिसरी, जेथे सामूहिक वनहक्क आहेत तेथे करार ग्रामसभेशी व्हावा आणि चराई सोडण्याची भरपाई त्या कराराचा भाग असावी. चौथी, ई-ग्रीन वॉच संकेतस्थळावर आज लागवडींची नोंद होते; तेथेच प्रत्येक लागवडीपुढे पाचव्या वर्षी जगलेल्या हेक्टरामागे आलेला खर्च प्रसिद्ध व्हावा. तो एक आकडा अनेक चौकशी समित्यांचे काम करील.

यांपैकी कशासाठीही नवा कर लागत नाही आणि बहुतेकांसाठी नवा कायदाही लागत नाही. नियम आणि मार्गदर्शक सूचना बदलाव्या लागतील, इतकेच. विरोध होईल तो वेगळ्या कारणाने. रोपवाटिका, कुंपण आणि खड्डे यांभोवती कंत्राटांची एक स्थिर व्यवस्था उभी राहिली आहे आणि राखणीत कंत्राटदाराला फारसे स्थान नाही. लागवडीतून मिळणारी हंगामी मजुरी हा मात्र खरा प्रश्न आहे. त्यावर उपाय असा की तीच मजुरी वणवा रोखणे, घाणेरी उपटणे आणि पाळत ठेवणे यांसाठी वर्षभर वाटून द्यावी. गावाच्या दृष्टीने ती जुलैतील पंधरा दिवसांच्या कामापेक्षा अधिक भरवशाची ठरेल.

भारताने २०१९ मध्ये २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर ऱ्हास पावलेली जमीन पूर्ववत करण्याचे जगासमोर जाहीर केले. त्याआधी, २०१५ मध्ये, वने आणि झाडांच्या साहाय्याने अडीच ते तीन अब्ज टन अतिरिक्त कार्बन डायऑक्साइड शोषण्याचे वचन दिले होते. ही वचने रोपांच्या संख्येने पूर्ण होणार नाहीत. २०१९ मध्ये राज्यांच्या हवाली केलेल्या ४७ हजार कोटींना २०२९ मध्ये दहा वर्षे होतील. त्या वर्षी संसदेच्या स्थायी समितीने वन मंत्रालयाला बोलावून एवढेच विचारावे, की या रकमेतून किती हेक्टर जंगल आज उभे आहे आणि एका हेक्टरामागे किती खर्च आला. मंत्रालयाकडे तेव्हा उत्तर असावे असे वाटत असेल, तर त्याची मोजणी या पावसाळ्यापासूनच सुरू व्हायला हवी.